न्हाणीच्या पाण्यावरची बाग

भुसावळजवळच्या वरणगावातल्या आमच्या जुन्या धाब्याच्या घरामागे न्हाणीचा एक काळा दगड होता. अंघोळीचे पाणी त्या दगडावरून उतरून वीतभर रुंदीच्या पाटात पडे. पाट आधी केळीच्या आळ्यात जाई, तिथून अळूच्या दांड्यांमधून कर्दळीकडे वळे आणि कुंपणालगतच्या लिंबोणीच्या बुंध्याशी जिरून जाई. पिण्याच्या पाण्याच्या घडवंचीखाली फुटक्या माठाचे बूड पुरलेले असे. त्यात माठाच्या पाझरावर पुदिना बारा महिने हिरवा राही. पाण्याची वाट जिथे जात नव्हती त्या कोरड्या बाजूला कोरफड होती. कुंपणाशी अडुळसा आणि निर्गुंडी, कारण त्यांना जनावर तोंड लावत नाही. दारासमोर तुळस. ही मांडणी आजीने कुठे लिहून ठेवली नव्हती आणि आम्हीही ती कधी विचारली नाही. गेल्या वर्षी नव्या घराच्या मागे बारा फूट बाय वीस फुटांची मोकळी जागा मिळाली. तिथे औषधी आणि स्वयंपाकाच्या झाडांची बाग करावी म्हणून मी कागदावर चौकोन आखायला बसलो. तासाभराने पाहतो तर पेन्सिल त्याच जुन्या पाटाने चाललेली. ही आखणी माझ्या आजीची नव्हती आणि तिच्या आजीचीही नव्हती. ती किती हातांतून, किती शतकांतून आमच्या परसात येऊन पोचली, याचा मागोवा आपण घेऊ.

सुरुवात शब्दापासून करू. परसबाग या शब्दात दोन घराणी नांदतात. परस म्हणजे घराची मागली बाजू. कोकणात तिलाच परसू किंवा परडे म्हणतात. बाग हा शब्द फारसी. म्हणजे जागा इथली आणि तिला दिलेले नाव अर्धे बाहेरचे. भाजी वेगळी आणि औषध वेगळे, अशी विभागणी मात्र जुन्या परसात कधी नव्हती. ओव्याचे पान भजीला लागे आणि पोट दुखले तरी लागे. आले चहात पडे आणि खोकल्यावर मधातही. ‘औषधी वनस्पतींची बाग’ ही पाटी लावायची गरज अलीकडची आहे. तिच्यामागे कितीतरी शतके ही झाडे स्वयंपाकघराच्या मागल्या दाराशी राहत आली.

मागे जाता जाता पहिला ठळक टप्पा लागतो तो राजाचा. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने जे चौदा शिलालेख खोदवले, त्यांतला दुसरा लेख माणसांच्या आणि जनावरांच्या औषधांविषयी आहे. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणवून लावल्या, कंदमुळे आणि फळेही आणवून लावली, वाटेवर विहिरी खोदल्या, असे त्यात सांगितले आहे. तो लेख गिरनारला वाचता येतो. याच लेखमालेतल्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या सोपाऱ्याला सापडला. एका राजाने औषधी झाड हा राज्यकारभाराचा विषय मानला आणि झाड लावल्याच्या नोंदीबरोबर विहीर खोदल्याचीही नोंद केली. झाड आणि पाणी यांची जोडी पहिल्याच पानावर अशी एकत्र आलेली आहे.

दुसरा टप्पा भिक्खूंचा. विनयपिटकातल्या महावग्गात औषधांवर एक सबंध प्रकरण आहे. भिक्खूंनी औषध म्हणून जवळ ठेवायच्या मुळ्यांत हळद, आले, वेखंड, अतिविष, वाळा, नागरमोथा येतात. पानांमध्ये कडुनिंब, तुळस आणि चक्क कपाशीची पाने येतात. खानदेशी माणसाला ही यादी वाचताना घरच्यासारखे वाटते, कारण कपाशी ही आपल्या काळ्या रानाची ओळख. वाघूर नदी अजिंठ्याच्या लेण्यांसमोरून वळसा घेऊन येते आणि आपल्या भुसावळच्या परिसरात तापीला मिळते. ज्या पाण्याने अजिंठ्याच्या भिक्खूंची पात्रे धुतली गेली, तेच पाणी पुढे आपल्या शिवारात येते. नकाशावर ही रेघ बोटाने फिरवून पाहिली की दोन हजार वर्षांचे अंतर बरेच कमी वाटते.

आता आपण ज्या टप्प्याशी येतो तिथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण तो जवळजवळ विसरला गेला आहे. वात्स्यायनाचे कामसूत्र साधारण इ.स.च्या तिसऱ्या शतकातले मानतात. त्या ग्रंथाची ख्याती भलत्याच कारणाने झाली. पण त्याच्या चौथ्या अधिकरणात गृहिणीच्या दिनक्रमाचे जे वर्णन आहे, ते वाचताना आपण एखाद्या अनुभवी बाईच्या परसात उभे आहोत असे वाटते. साफ केलेल्या जागेत हिरव्या भाज्यांचे वाफे करावेत, उसाची बेटे लावावीत, जिरे, मोहरी, अजमोदा, शतपुष्पा म्हणजे शेपूच्या घराण्यातले रोप, यांचे ताटवे करावेत, असे तो सांगतो. मग फुलझाडे येतात: मोगरा, जाई, कोरांटी, तगर, जास्वंद, त्यांच्यातच आवळा आणि वाळा. बसायला ओटे करावेत आणि मधोमध विहीर किंवा लहान तळे खोदावे, हेही सांगितले आहे. पुढे बियांची यादी येते. मुळा, पालक, दवणा, काकडी, वांगी, कोहळा, दुधी, सुरण, लसूण, कांदा यांचे आणि सगळ्या औषधींचे बी वेळेवर धरून ठेवावे आणि वेळेवर पेरावे.

या परिच्छेदालाच मी आपल्याकडच्या घरगुती औषधी बागेचा पहिला आराखडा मानतो. त्यात चारही गोष्टी आल्या आहेत: साफ केलेली जागा, वाफ्यांची वाटणी, मध्यभागी पाणी आणि घरचे बी. शिवाय ही बाग कोणाची हेही निःसंदिग्ध आहे. ती वैद्याची नाही आणि राजाचीही नाही, घरच्या बाईची आहे. यादीतले वांगे आजही आपल्या जिल्ह्याची शान आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दवणा आजही चैत्रात देवाला वाहतात. बी धरून ठेवण्याची रीत तर आपल्या आज्या-पणज्यांपर्यंत अखंड चालत आली. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० चा, आसोद्याचा. त्यांच्या पिढीच्या बायकांना अक्षरओळख नसे. पण कोणते बी राखेत घोळायचे, कोणते फडक्याच्या पुरचुंडीत बांधून खुंटीला टांगायचे आणि कोणते गाडग्यात लिंबाचा पाला घालून ठेवायचे, हे त्यांना चोख ठाऊक असे. वात्स्यायनाने जे सूत्रात बांधले, ते या बायकांनी फडक्यात बांधले.

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला आणि घराजवळ आधी कोणती झाडे लावावीत, तर कडुनिंब, अशोक, शिरीष अशी मंगल झाडे, हे सांगितले. साधारण हजाराव्या वर्षाच्या सुमारास सुरपालाने ‘वृक्षायुर्वेद’ नावाचा स्वतंत्र ग्रंथच रचला. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. नलिनी साधले यांनी केलेल्या भाषांतरासह तो १९९६ मध्ये छापून आला. सुरपालाचे कुणपजल, म्हणजे मांस-मासे आणि इतर जैव पदार्थ कुजवून केलेले द्रवखत, आज सेंद्रिय शेतीवाले पुन्हा करून पाहतात. याच शतकांत युरोपात मठांच्या बागा आकार घेत होत्या. आजच्या स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलच्या मठाचा इ.स. ८२० च्या सुमाराचा एक आराखडा चामड्यावर रेखाटलेला शिल्लक आहे. त्यात आजाऱ्यांच्या खोल्यांजवळ औषधी झाडांचे सोळा वाफे, प्रत्येक वाफ्यात एक झाड, अशी बाग दाखवली आहे. तिकडे आखणी चामड्यावर टिकली. आपल्याकडे ती रोजच्या सवयीत टिकली.

वरणगावहून मुक्ताईनगर जवळ. तिथून थोड्या अंतरावर तापी-पूर्णेच्या संगमाशी चांगदेवाचे देऊळ आहे, आणि तापीकाठीच मेहूण आहे, जिथे मुक्ताबाई अंतर्धान पावल्या असे वारकरी मानतात. या संतमंडळींच्या काळी, तेराव्या शतकात, सोलापूरकडच्या अरण गावी सावता माळी होऊन गेले. शके १२१७ म्हणजे इ.स. १२९५ मध्ये त्यांनी समाधी घेतली. पंढरीला न जाता मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल पाहणारा हा संत म्हणजे मराठी भाजीबागेचा खरा कुलपुरुष. त्यांच्या नावावरच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात मिरचीचेही नाव येते, आणि इथे मागोवा घेणाऱ्याची पावले अडखळतात. मिरची अमेरिकेची, ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. सावतोबांच्या समाधीनंतर दोनशे वर्षे तरी या भूमीने मिरची पाहिलेली नव्हती. म्हणजे एक तर तिथे मूळचा शब्द मिऱ्यांविषयीचा असावा, नाहीतर गाणाऱ्या पिढ्यांनी आपल्या मळ्यात जे उगवले ते अभंगातही लावून टाकले असावे. मला दुसरी शक्यता अधिक भावते. परस बदलले तसा अभंग बदलला. दोन्ही जिवंत असल्याचीच ही खूण. त्याच वारकरी परंपरेने तुळशीला अंगणातून उचलून बायकांच्या डोक्यावर ठेवले आणि पंढरीपर्यंत चालवले.

यानंतर खानदेशाचा स्वतःचा अध्याय सुरू होतो. १३८२ ते १६०१ या काळात तापीच्या खोऱ्यावर फारुकी घराण्याचे राज्य होते. बऱ्हाणपूर ही त्यांची राजधानी. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश अकबराच्या ताब्यात गेला. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपे जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणायचे आणि वाटेत कुंड्यांच्या तोंडांनी उपसायचे, ही ती इराणी युक्ती. बाग हा शब्द, गुलाब हा शब्द, पुदिना हा शब्द आपल्या बोलीत या काळच्या फारसी वाऱ्याने आले. चार चौकोन आणि मधून वाहणारे पाणी, ही चारबागेची रचना मात्र सरदारांच्या हवेल्यांपुरती राहिली. गावातल्या परसात ती उतरली नाही. परसाने बागेचा शब्द घेतला, पुदिना घेतला, आखणी मात्र स्वतःचीच ठेवली.

ती आखणी कुठून आली असावी, याचे उत्तर मला पश्चिम खानदेशात, धुळ्याकडे सापडते. पांझरा आणि मोसम या नद्यांवर तीनशे-चारशे वर्षांपासून फड पद्धतीची सिंचनव्यवस्था चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात. गावाच्या ओलिताच्या जमिनीचे मोठे भाग करायचे. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, म्हणजे त्या फडाला पाणी एकाच मापाने आणि एकाच वेळी लागते. कोणाला जास्त, कोणाला कमी असा तंटा राहत नाही. पाटकरी पाणी सोडतो, बाकीचे वाट पाहतात. या व्यवस्थेवर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. मला तिच्यात परसाची गुरुकिल्ली दिसते. परसातही तहानलेली झाडे एका बाजूला आणि कोरडी झाडे दुसऱ्या बाजूला असतात. केळ, अळू, कर्दळ हा एक फड. पुदिना, कोथिंबीर, आले, गवती चहा यांना रोजचे पण थोडे पाणी हवे, तो दुसरा. कोरफड, अडुळसा, निर्गुंडी, शतावरी हा तिसरा, पाणी विसरले तरी चालणारा. आजीने हे शब्द कधी वापरले नाहीत. पण तिचा वीतभर पाट पांझरेच्या पाटाचा धाकटा भाऊ होता.

फारसी वारा उत्तरेकडून आला तसा समुद्रावरून पोर्तुगीज आला. गार्सिया द ऑर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात उतरला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, निजामाच्या दरबारातल्या हकिमांशी वाद घातले, मुंबई बेट भाडेपट्ट्याने घेऊन तिथे बाग केली. १५६३ मध्ये गोव्यात त्याचा ग्रंथ छापून निघाला. संवादाच्या रूपातल्या या ग्रंथात इथल्या औषधी झाडांची, त्यांच्या स्थानिक नावांची आणि उपयोगांची चर्चा आहे. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. चारच वर्षांत त्याचा लॅटिन सारांश युरोपात निघाला. आपल्या परसातल्या झाडांना पहिल्यांदा छापील पान मिळाले ते असे, परक्याच्या भाषेत. त्याच गलबतांनी मिरची, पेरू, पपई आणि सीताफळही आणले. आज सीताफळाशिवाय खानदेशातल्या डोंगराची आणि मिरचीशिवाय भरताची कल्पना आपण करू शकत नाही.

मराठेशाहीत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने गडावर आंबे, फणस, चिंचा, वड, पिंपळ, लिंबे, नारिंगे, फुलझाडे आणि वेली लावाव्यात व जतन कराव्यात असे सांगितले. गडकऱ्याला दिलेली ही शिकवण शिस्तीची आहे, पण तिच्यातही परसाचा विचार आहे. वेढ्याच्या दिवशी जे हाताशी असेल तेच उपयोगी पडणार.

इंग्रजी अमलात औषधी बागेला पहिल्यांदा सरकारी हजेरीपट मिळाला. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात १८२८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर त्याचा प्रमुख होता. औषधी झाडांची लागवड करून त्यांची औषधे सरकारी दवाखान्यांना पुरवणे हे त्या बागेचे मोठे काम होते. पुढे १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याने दापोडीच्या झाडांची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कुठे नोंदलेले नाही. पान न पान, कळी न कळी जिवंत करणारा तो हात अनामिक राहिला, याची मला नेहमी हळहळ वाटते. १८६५ मध्ये दापोडीची बाग बंद झाली.

त्याच दशकात आपल्याकडे आगगाडी आली. भुसावळहून पूर्वेकडे निघालेला रूळ वरणगाव, बोदवड, मलकापूर करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. आगगाडीबरोबर माणसे आली, माणसांबरोबर सवयी आल्या आणि पुढे केव्हातरी चहा आला. गवती चहाचे नाव याचीच साक्ष देते. हे गवत आपल्याकडे जुनेच. संस्कृतात त्याला भूतृण म्हणत. पण त्याला ‘चहा’ म्हणायचे तर आधी घरात चहा उकळायला हवा. म्हणजे झाड शेकडो वर्षांचे आणि नाव जेमतेम शे-सव्वाशे वर्षांचे. परसातल्या प्रत्येक झाडाच्या नावाला असा एक जन्मदाखला असतो. कोथिंबिरीचा दाखला संस्कृत कुस्तुंबरीपर्यंत जातो. वऱ्हाडाकडे तिलाच सांबार म्हणतात.

एकोणिसावे शतक संपता संपता हे ज्ञान मराठी माणसाने पुन्हा आपल्या हाती घेतले. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘आर्यभिषक्’ आणि ‘वनौषधिगुणादर्श’ हे ग्रंथ लिहिले आणि १९०७ मध्ये नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे लष्करी वैद्यकीय सेवेतले मुंबईकर. त्यांनी बा. दा. बसू यांच्याबरोबर ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ हा चित्रमय ग्रंथ सिद्ध केला. १९१८ मध्ये तो प्रकाशित झाला तेव्हा कीर्तिकर हयात नव्हते, आदल्याच वर्षी ते वारले होते. १९२७ मध्ये डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ आला. या पुस्तकांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. आजीबाईच्या बटव्यातले औषध आणि शास्त्रीय नावाचे औषध एकाच पानावर आणून ठेवले, म्हणजे झाडाची ओळख पटवून घेता येऊ लागली. ओळख पटणे हा औषधी बागेचा कणा आहे. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली असतात. जाणकाराने दाखवल्याशिवाय ती लावू नये आणि लावली तरी वैद्याला विचारल्याशिवाय काढा घेऊ नये.

१९४० च्या दशकात, युद्धाच्या आणि टंचाईच्या दिवसांत, ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम आली आणि बंगल्यांच्या हिरवळीवर भाज्यांचे वाफे निघाले. आमच्या गावाचा कायापालट झाला तो त्यानंतर, १९६४ मध्ये. आयुध निर्माणी कारखाना वरणगावला आला, त्याबरोबर वसाहत आली आणि निरनिराळ्या प्रांतांतली माणसे शेजारी राहू लागली. वसाहतीतल्या घरांमागे झाडांची अशी देवघेव सुरू झाली की कोणाच्या कढीपत्त्याची मुळावरची फुटवी आमच्या गल्लीत आली, कोणाचा पानओवा फांदीने गेला, कोणी आमच्याकडून गवती चहाचा ठोंब नेला. आमच्या परसातला कढीलिंब असाच आलेला. पंचक्रोशीत आजही अशा झाडांची ओळख गावाने नव्हे तर दाराने सांगतात: हा अमक्यांच्या दारचा.

पण याच काळात परसाला एक घाव बसला, आणि तो कोणाच्या ध्यानात आला नाही. घरोघरी नळ आला, न्हाणीच्या जागी बंद मोरी आली, सिमेंटची गटार आली. ही सोय हवीच होती; बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली हे फार मोठे काम झाले. पण न्हाणीचा दगड गेला आणि त्याबरोबर पाट गेला, पाटाबरोबर केळ गेली, अळू गेले, कर्दळ गेली. परस पाण्यावाचून वाळले आणि मग त्यावर फरशी पडली. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोलकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून गच्चीवर आणि अंगणात, घरच्या काडीकचऱ्याची माती करून पीक घेण्याचा मार्ग दाखवला, तो या वाळलेल्या परसाला दिलेला मोठा आधार होता. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या ‘माझी पोषण परसबाग’ मोहिमेने गावोगावच्या बचतगटांतल्या बायकांना पुन्हा वाफ्यांकडे वळवले. आणि २०२० च्या साथीत तुळस, आले, गुळवेल यांची नावे घराघरांत पुन्हा घेतली गेली. तेव्हा ज्यांच्या दारी झाड होते त्यांना ते दुकानात शोधावे लागले नाही.

इथवर आल्यावर आपण त्या बारा बाय वीस फुटांच्या जागेत उभे राहू. वरणगावचा मे महिना कडक. पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि काळी जमीन बोट जाईल अशी भेगाळते. म्हणून पहिली गोष्ट सावली, तीही पश्चिमेची. पश्चिमेच्या कडेला मी शेवगा आणि हादगा लावले. पानमळ्यात वेलींना सावली द्यायला ही झाडे लावतात, तीच रीत. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांची छाटणी केली की खाली ऊन पोचते. दुसरी गोष्ट माती. चोपण काळ्या मातीत शेणखत आणि थोडा मुरूम मिसळून वाफे वीतभर उंच केले, म्हणजे पावसात मुळे कुजत नाहीत. तिसरी गोष्ट पाणी, आणि इथे मी आजीच्या पाटाकडे परत गेलो. आता न्हाणीच्या पाण्यात कडक साबण आणि पावडर असते, म्हणून ते फक्त कर्दळ आणि केळीकडे वळवले. तांदूळ-डाळ आणि भाजी धुतलेले पाणी वेगळ्या बादलीत धरून कोथिंबीर-पुदिन्याच्या वाफ्याला दिले. तीन फड, तीन मापे. कण्हेर आणि धोतरा लेकरांच्या हाताला लागतील अशा जागी ठेवले नाहीत.

कोथिंबिरीचा वाफा लावताना धने आख्खे टाकू नयेत, ही एक गोष्ट जवळून सांगतो. धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. पाट्यावर धने पसरून त्यांच्यावर वरवंटा हलक्या हाताने फिरवायचा, दाबायचा नाही. टरफल चिरून दाणा दोन फाकांत उलगडतो आणि त्याचा वास घरभर जातो. मग रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यात निथळून वाफ्यात, वर बोटभर माती आणि त्यावर ओले गोणपाट. आठ-दहा दिवसांनी गोणपाटाची कड उचलून पाहायची. पांढरट कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचे, उशीर केला तर कोंब लांबून कोलमडतात. पुदिन्याचे उलटे आहे. त्याला बी नको, बाजारातल्या जुडीतली मुळाची काडी पुरते. पण त्याला मोकळे सोडले तर तो दोन पावसाळ्यांत सगळा वाफा खातो. म्हणून फुटक्या माठाचे बूड. ते मी कुंभारवाड्यातून शोधून आणले आणि पाण्याच्या टाकीच्या ठिबकत्या नळाखाली पुरले.

आता वाचकांना एक विनंती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की आळी खणून उन्हात तापू द्या, आणि मृगाच्या आधी कागदावर आपल्या परसाचा चौकोन काढा. पण झाडांची नावे त्यात भरण्याआधी एक दिवस घरात कोणते पाणी किती निघते आणि ते कुठे जाते, एवढेच पाहा. ती रेघ आधी आखा. आणि घरात कोणी म्हातारी आजी, मावशी, काकू असेल तर तिला शेजारी बसवून विचारा की जुन्या घरी न्हाणीचे पाणी कुठे जात होते. तिला आठवत असेल.